मांगुराची पिशवी कोठून आली?

फेब्रुवारी 1872 मध्ये जमैका बेटावर नऊ मुंगसे उतरली. चार नर आणि पाच माद्या. विल्यम बॅन्क्रॉफ्ट एस्प्यूट नावाच्या ऊसमळेवाल्याने ती कोलकात्याहून मागविली होती. ज्या बंदरातून 1845 पासून गिरमिटिये भारतीय मजूर जमैकाच्या मळ्यांकडे नेले जात होते, त्याच बंदराशी हा व्यवहार जोडलेला होता. कॅरिबियन बेटांवर तेव्हा उसाच्या फडांत उंदरांनी उच्छाद मांडला होता. मुंग्या आणि भेक आणून पाहण्याचे प्रयोगही आधी होऊन गेले होते. मुंगसांनी मात्र पहिली काही वर्षे चोख काम केले. उंदीर घटले, शेजारच्या मळेवाल्यांनी पिल्ले विकत नेली आणि क्युबा, पोर्तो रिको, बार्बाडोस, ग्रेनाडा अशा बेटांवर मुंगसांची वस्ती झाली. 1883 मध्ये जमैकातूनच ती प्रशांत महासागरातील हवाई बेटांवरही पोहोचली.

पुढे हिशेब उलटला. मुंगूस दिवसा शिकार करते, उंदीर रात्री फिरतो आणि वेळ आली तर झाडावर चढतो. दोघांचे वेळापत्रक जुळणारे नव्हतेच. सहज सापडणारे उंदीर संपल्यावर मुंगसांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी, साप, सरडे आणि कोंबडीची पिल्ले यांच्याकडे मोर्चा वळविला. जमैकाची स्थानिक घोरपड, म्हणजे जमैकन इग्वाना, गेल्या शतकाच्या मध्यास नामशेष झाली असे मानले गेले. 1990 मध्ये हेलशायर टेकड्यांत तिचा अल्पसा अवशेष पुन्हा आढळला. पोर्तो रिको, क्युबा व ग्रेनाडा येथे मुंगूस हा रेबीजचा वाहक ठरला आहे.

एस्प्यूट हा चोरटा व्यापारी नव्हता. त्याने स्वतःचा पैसा घातला, उघडपणे प्राणी आणले आणि मिळालेल्या यशाचे वर्णन विद्वत्सभेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. प्राणी उतरविण्यापूर्वी त्याला चार प्रश्न विचारणे हे ज्याचे काम असावे, असा कोणीच तेव्हा बंदरावर नव्हता. नफा मळेवाल्यांच्या पदरात पडला आणि तोटा मात्र ज्यांनी मुंगूस मागविलेच नव्हते, त्या कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला आला. परदेशी प्राण्याच्या खरेदीत हा व्यवहार आजही पुष्कळदा याच पद्धतीने चालतो, आणि त्याची झळ महाराष्ट्रातील तळ्यांपर्यंत पोहोचलेली आहे.

कोलकात्याचे दार दोन्ही बाजूंनी उघडत असे. मुंगसे बाहेर जाण्याच्या पंचवीस वर्षे आधी, 1847 मध्ये, विल्यम हेन्री बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या मोठ्या आफ्रिकी गोगलगाई कोलकात्यात चौरंगीच्या एका बागेत सोडल्या. एका अभ्यासकाचे कुतूहल, यापलीकडे त्यामागे काही प्रयोजन दिसत नाही. त्या बागेतून रोपांच्या कुंड्या, माती आणि वाहतुकीचा माल यांच्यासोबत ही गोगलगाय देशभर पसरली. लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही. 2022 च्या खरिपात सोयाबीनची कोवळी रोपे तिने रातोरात जमीनदोस्त केली. अनेकांना दुबार, काहींना तिबार पेरणी करावी लागली आणि राज्य शासनाला या नुकसानीसाठी मदत जाहीर करावी लागली. गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे बांधाबांधाला अंथरून सकाळी गोगलगाई वेचणाऱ्या मजुराची मजुरी ही एका अर्थाने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या बागेचीच थकबाकी आहे.

चौरंगीच्या पूर्वेस अवघ्या काही किलोमीटरवर सियालदह स्थानक आहे. ‘शियाल’ म्हणजे कोल्हा. कोल्ह्यांच्या पाणथळीचा हा भाग, अशी या नावाची एक लोकप्रिय व्युत्पत्ती सांगितली जाते. पाणथळ मात्र केवळ नावापुरती नाही. स्थानकाच्या पूर्वेला शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढविणाऱ्या भेरींचा प्रदेश पसरलेला आहे आणि 2002 पासून तो रामसर यादीत आहे. स्थानकाला लागूनच बैठकखाना आणि कोले बाजार आहेत. सियालदहहून उत्तरेला निघणारा लोहमार्ग 1862 मधील. या मार्गावर आधी बराकपूर लागते, जेथे केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेचे मुख्यालय आहे. त्यापुढे साधारण पंधरा किलोमीटरवर नैहाटी येते आणि त्या परिसरात देशातील एक मोठा मत्स्यबीज बाजार भरतो. देशाला माशांविषयी शास्त्रीय सल्ला देणारी संस्था आणि देशाला मत्स्यबीज विकणारा बाजार एकाच लोकल गाडीच्या वाटेवर आहेत. ही जवळीक जितकी उपयोगी पडायला हवी होती, तितकी पडलेली नाही.

नैहाटीच्या बाजाराची बदनामी करणे अन्यायाचे होईल. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय प्रमुख कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तोवर नदीतून जाळ्याने गोळा करावे लागणारे बीज त्यानंतर उबवणी केंद्रात तयार होऊ लागले, आणि या तंत्राचा सर्वाधिक लाभ बंगालमधील छोट्या बीजउत्पादकांनी घेतला. ॲल्युमिनियमच्या हंड्यांतील पाणी हाताने सतत हलवीत, माशांचे जिरे जिवंत ठेवून रेल्वेने दूरदूर नेणारे वाहक हे या व्यवसायाचे पहिले दळणवळण होते. आता हंडीची जागा प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीने घेतली आहे आणि ट्रक व विमानही वापरले जाते. या बाजारातील रोहू, कटला आणि मृगळ यांच्या बीजावर महाराष्ट्रातील अनेक तलाव अवलंबून राहिले आहेत. राज्याची गरज स्थानिक केंद्रांतून पूर्ण भागत नाही, तोवर ही पिशवी येत राहणार.

प्रश्न आहे तो याच पिशवीत दुसरे काही येते तेव्हाचा. विदेशी मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, तो मूळचा आफ्रिकेतील मासा. शास्त्रीय नाव क्लॅरिअस गॅरिपिनस. थायलंडशी त्याचा संबंध एवढाच, की तेथून तो बांगलादेशात आला. तेथून 1990 च्या दशकाच्या आरंभी, कोणत्याही परवानगीविना, तो पश्चिम बंगालमध्ये उतरला. शेतकऱ्याला हा मासा का आवडला, हे प्रामाणिकपणे समजून घेतले पाहिजे. त्याला हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे पाण्यातील प्राणवायू संपला तरी तो मरत नाही. गढूळ, घाण आणि उथळ पाण्यात, एकमेकांना खेटून, तो झपाट्याने वाढतो. कत्तलखान्यातील व कोंबडीच्या दुकानांतील टाकाऊ मांस हे त्याचे खाद्य होऊ शकते आणि ते जवळजवळ फुकट मिळते. ज्याच्याकडे पाव एकर खड्डा आणि एका टेम्पोचे भाडे आहे, त्याला इतक्या लवकर पैसा देणारा दुसरा मासा दाखविणे सोपे नाही. शहरातील गरीब ग्राहकालाही तो परवडतो.

याच गुणांत त्याचा धोकाही आहे. हा मांसाहारी मासा आहे. पावसाळ्यात बांध फुटला किंवा तळे भरून वाहिले की तो ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जातो. ओलसर जमिनीवरून काही अंतर सरपटत जाण्याचीही त्याची क्षमता आहे. नदीत गेल्यावर तो स्थानिक माशांची अंडी, पिल्ले आणि मोठे मासेही खातो. केंद्र शासनाने 2000 च्या सुमारास त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. तरीही संवर्धन चालूच राहिल्याने राष्ट्रीय हरित लवादाला त्यात लक्ष घालावे लागले. त्यानंतर 2019 व 2020 मध्ये महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाने भिवंडी परिसरात आणि उजनी जलाशयाच्या काठावरील इंदापूर, दौंड, कर्जत या भागांत तळी शोधून साठा नष्ट करण्याच्या मोहिमा राबविल्या. मासे बाहेर काढून खड्ड्यात पुरले गेले, तळी बुजविली गेली.

या मोहिमा आवश्यक होत्या. उजनीच्या पाण्यावर केवळ जाळ्याच्या आधारे जगणाऱ्या मच्छीमारांचा विचार केला, तर त्याहून अधिक कठोरपणाही समर्थनीय ठरला असता. त्या जलाशयात चिलापी या दुसऱ्या परदेशी माशाने आधीच ठाण मांडले आहे. त्यात हवेत श्वास घेणाऱ्या शिकारी माशाची भर पडू देणे म्हणजे या मच्छीमारांच्या उत्पन्नाची वासलात लावणे आहे. त्यांनी मांगुराचे बीज कधी विकत घेतलेले नाही.

तथापि कारवाई कोठे झाली, याकडेही पाहिले पाहिजे. ती तळ्यावर झाली. बीज तयार करणारा, त्याला पिशवीत भरणारा, त्याची मध्यस्थी करणारा आणि ते पोहोचविणारा अशी साखळी असते. तिच्या अगदी शेवटी शेतकरी उभा असतो, आणि जेसीबी त्याच्याच बांधावर येतो. त्याच्या हातात पावती असली तरी तीवर माशाचे शास्त्रीय नाव किंवा उबवणी केंद्राचे नाव बहुधा नसते. बोटुकलीच्या आकारात देशी मांगूर आणि विदेशी मांगूर यांत फरक करणे सरावलेल्या डोळ्यालाही अवघड जाते. ज्याने जाणूनबुजून बंदी मोडली, त्याच्याविषयी सहानुभूतीचे कारण नाही. पण देशी मांगूर म्हणून विदेशी मांगुराचे बीज गळ्यात मारले गेलेला शेतकरी आणि तो जाणीवपूर्वक बंदी मोडणारा यांना वेगळे ओळखण्याचे साधनच आजच्या व्यवस्थेत नाही. साठा पुरला गेला तरी पुढच्या हंगामात तीच पिशवी दुसऱ्या तालुक्यात जाऊ शकते, कारण पिशवी जेथे भरली गेली तेथे काहीच बदललेले नसते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. पंगास मासाही 1995-96 च्या सुमारास बांगलादेशमार्गे, परवानगीविनाच, पश्चिम बंगालमध्ये आला. पुढे आंध्र प्रदेशात त्याचे संवर्धन प्रचंड वाढले आणि मग शासनाने मार्गदर्शक तत्त्वे ठरवून त्याला परवानगी दिली. आज महाराष्ट्राच्या धरणांतील पिंजऱ्यांत हाच मासा वाढविला जातो. मग मांगुरालाच वेगळा न्याय का? जीवशास्त्राच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे: पंगास हा मिश्राहारी मासा आहे आणि आपल्या तळ्यांत तो आपणहून प्रजनन करीत नाही, मांगुराचा स्वभाव त्याहून अगदी निराळा आहे. परंतु धोरणाच्या दृष्टीने हा आक्षेप बोचरा आहे. आधी आणावे, पसरू द्यावे, पुरेसे लोक त्यावर अवलंबून राहिले की परवानगी मिळते, हा धडा पंगासने व्यापाऱ्यांना दिला. शासनाने परवानगी दिली त्यात चूक नसेल, पण ती देताना अवैध आयातीची किंमत कोणाकडूनही वसूल झाली नाही. पुढच्या नव्या माशाचा विचार करणारा मध्यस्थ हे उदाहरण विसरलेला नसणार.

कायदेशीर मार्ग नाही, असे तर मुळीच नाही. पशुधन आयात अधिनियम 1898 पासून अस्तित्वात आहे. केंद्र शासनाचे प्राणी विलगीकरण केंद्र ज्या मोजक्या शहरांत आहे, त्यांत कोलकाताही येते. विदेशी जलचरांच्या प्रस्तावांची छाननी करणारी राष्ट्रीय समिती आहे. व्हॅनामी कोळंबी 2009 मध्ये आणली गेली ती ठरावीक रोगांपासून मुक्त असलेल्या प्रजनकांच्या रूपात, चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून आणि नोंदणीकृत उबवणी केंद्रांमार्फत. तिच्यावर रोग आले नाहीत असे नाही. पण कोणता प्रजनक कोठून आला, हे शोधता येते.

याच संदर्भात कीटकशास्त्रातील एक उदाहरण मत्स्यशेतकऱ्यांनाही उपयोगी पडेल, आणि त्याचा धागा पुन्हा कॅरिबियन समुद्रापर्यंत जातो. मूळचा मेक्सिको परिसरातील पपईवरील पिठ्या ढेकूण कॅरिबियन बेटांवर पसरला आणि 2008 मध्ये कोईमतूर येथे भारतात प्रथम आढळला. पपई, तुती आणि टॅपिओका यांचे मोठे नुकसान झाले. फवारण्यांनी तो आटोक्यात येईना, कारण अंगावरील मेणचट कापसासारख्या आवरणाखाली औषध पोहोचतच नव्हते. तेव्हा बंगळुरू येथील राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने, 2010 मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाच्या साहाय्याने पोर्तो रिकोतून तीन जातींच्या परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या. त्यांतील ॲसेरोफॅगस पपायी ही विशेष परिणामकारक ठरली. ती दोन मिलिमीटरही भरत नाही. तिला थेट बागेत सोडले गेले नाही. विलगीकरणात ठेवून, ती रेशीमकिडा, मधमाशी किंवा उपयुक्त कीटकांवर जाते काय, हे तपासून आणि मगच परवानगी घेऊन तिचे प्रसारण झाले. काही महिन्यांत ढेकणाचा जोर ओसरला आणि महाराष्ट्रातील पपई बागांतही फवारण्यांची गरज कमी झाली. ज्या पोर्तो रिकोत कोलकात्याच्या मुंगसांचे वंशज आजही उपद्रव करीत आहेत, त्याच बेटावरून आलेला हा प्राणी भारतीय शेतकऱ्याच्या उपयोगी पडला. दोन्ही आयाती परदेशी प्राण्यांच्याच होत्या. मुंगूस समोर दिसेल ते खाणारे; गांधीलमाशी एकाच ढेकणावर जगणारी, आणि ती तशी आहे हे आणण्यापूर्वी तपासले गेले होते.

तपासणी म्हणजे जादू नव्हे, हेही सांगितले पाहिजे. गाजरगवतासाठी 1983 मध्ये मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा भुंगा सर्व चाचण्या पार करून सोडला गेला, तरी काही वर्षांनी तो सूर्यफुलावर आढळल्याच्या तक्रारी आल्या आणि शासनाला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. सरकारी खर्चाने 1959 मध्ये आणलेला सिल्व्हर कार्प पुढे हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात निसटला आणि तेथील कटल्याला त्याने मागे ढकलले. अशा वेळी फरक पडतो तो एवढाच, की कोणाला जाब विचारायचा हे ठाऊक असते. नोंद असते, जबाबदार संस्था असते, तक्रार कोठे न्यायची ते कळते. मांगुराच्या पिशवीवर असा पत्ता नसतो.

म्हणून नियंत्रणाचे ठिकाण तळ्याकडून विक्रीकडे हलविले पाहिजे. मत्स्यबीज विकणाऱ्या प्रत्येक उबवणी केंद्राने व व्यापाऱ्याने पावतीवर माशाचे शास्त्रीय नाव, केंद्राचा नोंदणी क्रमांक आणि बीज भरल्याची तारीख छापणे बंधनकारक असावे. खताच्या पोत्यावर आणि कीटकनाशकाच्या बाटलीवर जे असते, त्याहून हे अधिक नाही. पश्चिम बंगाल आणि महाराष्ट्र या दोन राज्यांच्या मत्स्यव्यवसाय विभागांनी हंगामापुरती एकमेकांना माहिती दिली, तरी बराच फरक पडेल. बराकपूरची संस्था आणि मुंबईतील वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था यांच्याकडे जाती ओळखण्याचे ज्ञान आहे. शंकास्पद पिशवीतील चार बोटुकल्या तपासून काही दिवसांत उत्तर देणारी सोय त्यांच्याकडून सुरू करता येण्याजोगी आहे. विस्तार कार्यकर्त्याला ती सोय मिळाली नाही, तर शेतकऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला तो केवळ अंदाजाने उत्तर देत राहील.

बंदीसोबत पर्याय दिला नाही, तर बंदी टिकत नाही, हा आक्षेपही खरा आहे. देशी मांगूर हा चवीला सरस आणि भावालाही चढा. बंगालमध्ये आजारातून उठलेल्या माणसाला त्याचा रस्सा देण्याची प्रथा आहे. मग शेतकरी तोच का घेत नाही? कारण त्याचे बीज महाग आणि दुर्मीळ आहे. त्याच्या मादीपासून विदेशी मांगुराच्या तुलनेत फार कमी अंडी मिळतात. नराचे पोट दाबून शुक्रद्रव मिळत नाही. त्यासाठी नर कापून वृषण काढावे लागतात, म्हणजे दर खेपेला प्रजनक नर खर्ची पडतो. पिल्लांचे पहिले काही आठवडेही नाजूक असतात. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्याच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे, परंतु तंत्र असणे आणि जून महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी बीज उपलब्ध असणे यांत मोठे अंतर आहे. मांगुराची तळी बुजविण्यावर होणाऱ्या खर्चाचा काही भाग देशी मांगुराच्या दोन-तीन चांगल्या उबवणी केंद्रांवर झाला असता, तर कदाचित तेवढी तळी बुजवावीच लागली नसती.

विस्तार कार्यकर्त्यांनी या वर्षीच्या बीज खरेदीपूर्वी, शक्य असेल तेथे, गटाने खरेदी करण्याचा आग्रह धरावा. दहा शेतकऱ्यांनी मिळून थेट नोंदणीकृत केंद्राकडून बीज घेतले, तर मध्यस्थाला शास्त्रीय नावाची पावती नाकारणे कठीण जाते, आणि प्रत्येकी एक पिशवी घेणाऱ्या दहा जणांना ती तो सहज नाकारू शकतो. ‘हायब्रीड मांगूर’, ‘सुधारित मांगूर’, ‘तीन महिन्यांत किलोभर’ अशा शब्दांनी विकले जाणारे बीज सरळ परत पाठवावे. किंमत बाजारभावाहून फारच कमी असेल, तर ती का कमी आहे हे विचारावे. इमूच्या वेळी हे विचारले गेले नव्हते. तेव्हाही पिल्ले विकणाऱ्याने पक्षी परत विकत घेण्याची हमी दिली होती आणि 2012 नंतर अनेकांच्या वाड्यात खाद्याविना पक्षी आणि हातात केवळ कराराचे कागद उरले होते.

ज्यांच्या तळ्यात आजच विदेशी मांगूर आहे, त्यांनी तो ओढ्यात किंवा विहिरीत सोडून मोकळे होऊ नये. कारवाईच्या भीतीने असे करण्याचा मोह होतो आणि तोच सर्वांत घातक आहे. मासे तळ्यातच ठेवून, सांडव्याला बारीक जाळी लावून, पाऊस वाढण्यापूर्वी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाला लेखी कळवावे. स्वतःहून कळविणाऱ्याला दंडातून सूट आणि पुढील हंगामाच्या वैध बीजासाठी प्राधान्य द्यावे, असा स्पष्ट आदेश शासनाने मृग नक्षत्रापूर्वी काढला, तर अशी पत्रे येतील. तो आदेश नसेल, तर मासा रात्रीच्या अंधारात ओढ्यात जाईल.